महालक्ष्म्या ओतल्या ते वर्ष

अन्याय झाला तो माझ्या आईवर, सुभद्राबाईवर. केव्हा झाला तेही नेमकं सांगते, कारण अन्यायाची वेळ मोघम ठेवली की अन्याय करणारा सुटतो. माझे वडील गेले त्या वर्षीच्या भाद्रपदात, महालक्ष्म्या यायच्या दिवशी, सकाळी, फुलोऱ्याच्या करंज्या कढईत असताना. माझे काका, वडिलांचे धाकटे भाऊ, चपला काढून आत आले. त्यांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली घेतली, तिच्यातले दोन पितळी मुखवटे उपरण्यात गुंडाळले आणि मान खाली घालून म्हणाले, "वैनी, आता तुमच्या हातानं ह्या कशा बसवायच्या? आमच्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमी या जेवायला." आई चुलीपुढं होती. तिनं झारा खाली ठेवला नाही, रडली नाही. करंज्या जळाल्या, त्यांचा वास दिवसभर घरात राहिला.

दुसरीकडे ज्यांना गौरी म्हणतात त्यांना आम्ही परभणीकडचे लोक महालक्ष्म्या म्हणतो. एक थोरली, एक धाकटी. तीन दिवस येतात. पत्र्याच्या कोठ्यांवर त्यांना साड्या नेसवायच्या, वर मुखवटे ठेवायचे, डोक्यावर करंज्या-वेण्यांचा फुलोरा टांगायचा, पुरणपोळी, आंबील आणि सोळा भाज्यांचा नैवेद्य दाखवायचा. आमच्यात महालक्ष्म्या थोरल्या घराकडे असायच्या आणि वडील थोरले होते. लग्न होऊन आल्यापासून दर वर्षी आईनंच ते मुखवटे चिंचेनं घासले, आईनंच बसवले. वडील गेले आणि रीतीला अचानक आठवलं की बसवणारी बाई आता विधवा आहे. त्यात आमचं घर लिंगायत. आमच्यात विटाळ नाही, सुतक नाही, बाई-पुरुष समान, असं दर श्रावणात प्रवचनात ऐकून मी मोठी झाले. प्रवचन संपलं की लोक जोडे घालतात आणि समानता तिथंच बसून राहते.

आत्मकथन म्हातारपणी लिहावं असं मला सांगणारे पुष्कळ आहेत. माझे केस अजून काळे आहेत. पण मी पत्रकं लिहून हात तयार केलेली बाई आहे, आणि पत्रकाचा पहिला धडा असा की ज्याच्यावर बेतली त्याच्या हयातीतच ती गोष्ट छापून आली पाहिजे. आई अजून आहे. ती वाचेल. म्हणून आत्ताच.

तेव्हा मी परभणीला कॉलेजात होते. झरीच्या फाट्यावर उतरलं की आमचं गाव आत चालत जायच्या अंतरावर. घर मातीचं, वर मातीचंच सपाट छत, म्हणजे धाबं, मागं मोठं अंगण, अंगणात कडुलिंब आणि कपडे धुवायचा दगड. शेजारी हिरामावशी. तिचं घर मेंढरांचं. संध्याकाळी तिची मेंढरं परत आली की गल्लीत धुरळा, घंट्या, आणि मावशीच्या शिव्या असं सगळं एकदम यायचं, आणि आई त्या आवाजावर भाकरीचं पीठ मळायला घ्यायची. घड्याळ बघायची गरज नव्हती. अंबाडीची भाजी, तिच्यावर लसणाची फोडणी, ज्वारीची भाकरी, ठेचा. आम्ही दोघी जेवायचो आणि त्या वर्षी जेवताना बोलायचो नाही. आई माळ्याकडे बघायची नाही, मीही बघायची नाही, आणि दोघींनाही माळा सोडून दुसरं काही दिसायचं नाही.

संक्रांत झाल्यावर मी एकदा विषय काढला. "यंदा आपल्या आपण बसवू. परभणीत पितळेच्या दुकानात मुखवटे रांगेनं मांडलेत. घेऊन येते."

"दुकानातल्या बसत न्हाईत," आई म्हणाली. "महालक्ष्म्या याव्या लागतात. माहेराहून येतात, न्हाईतर कुणी देतं. विकत आणल्या की लोक म्हणतील, नवरा मेला अन् हिला हौस आली."

"मग आपण ओतू."

"काय ओतू? दूध?"

"पितळ."

आईनं भाकरी तव्यावर तशीच सोडली. "कालेजात हेच शिकवायलेत का तुला?"

कॉलेजात हे शिकवत नव्हते. पण आमच्या पथनाट्याच्या गटासाठी मंत्र्याचे, सावकाराचे, बुवाचे मुखवटे मीच करत होते, कागदाच्या लगद्याचे. कुणाचं नाक कुठं फुगतं, कुणाचा गाल कुठं लोंबतो, हे माझ्या बोटांना कळत होतं. आणि फोन होता. फोनवर मी रोज ओतकाम बघत होते. कुठले कुठले लोक, कळत नाही अशा भाषा, पण हात कळायचे. मेणाचा आकार करायचा, त्याला मातीनं लिंपायचं, भाजायचं, मेण वितळून वाहून गेलं की त्या पोकळीत धातू ओतायचा. जिथं मेण होतं तिथं पितळ. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा एसटीत होते, आणि सीटवरून अशी उठले की शेजारची बाई म्हणाली, "उतरायचंय का?"

भट्टीपासून सुरुवात. झरीला जब्बारभाईंचं वेल्डिंगचं दुकान होतं. नांगर, ट्रॉल्या, खिडक्यांच्या जाळ्या करायचे. मी त्यांच्याकडे तेलाचा रिकामा ड्रम कापायला नेला आणि खाली हवेच्या नळीसाठी भोक पाडा म्हणाले.

"भट्टी? दारू की?" त्यांनी विचारलं.

"पितळेची. पितळ वितळवायचंय."

"तौबा. दारू की बोलती तो समझ में आता." पण ड्रम त्यांनी कापला, वर झाकण करून दिलं, आणि मूस उचलायला लांब दांड्यांचा चिमटाही. मूस म्हणजे धातू वितळवायचं भांडं. ती मी ऑनलाइन मागवली होती. कुरिअरवाला गावात यायचा नाही, म्हणून त्यानं खोकं फाट्यावरच्या पानटपरीवर ठेवलं, आणि टपरीवाल्यानं उघडून पाहिलं. मी पोचले तेव्हा तो तिच्यात चुना भिजवायच्या बेतात होता. "भांडं लय मजबूत हाय, ताई," म्हणाला. मी त्याच्या हातातून ओढून घेतली.

ड्रमला आतून भट्टीच्या विटा आणि चिकणमातीचा जाड लेप. हवेसाठी परभणीच्या भंगारातून हातानं फिरवायचा लोखंडी पंखा, चाकाचा. पुढं एक बंद पडलेल्या हॉटेलातला विजेचा ब्लोअर मिळाला तेव्हा तो हातपंखा मी गोठ्यात टाकून दिला. बाभळीचा कोळसा हिरामावशीच्या ओळखीनं आला. कडुलिंबाखाली सगळं मांडलं आणि पहिल्यांदा ब्लोअर चालू केला. काय आवाज होता तो! आधी फुंकर, मग घरघर, आणि कोळसे लाल होऊ लागले की ड्रमच्या पोटातून एक खोल, अखंड हुंकार. कोंबड्या कुंपणापलीकडे गेल्या. आई दारात उभी राहिली, पदर नाकाला लावून. मी जुन्या फुटक्या कुकरचे तुकडे मुशीत टाकले. अ‍ॅल्युमिनियम लवकर वितळतं, म्हणून आधी ते. तुकडे आधी नुसते बसून होते, हट्टी माणसासारखे. मग एकाची कड वाकली, दुसरा बसला, आणि बघता बघता मुशीत आरसा झाला. मी आरशात बघावं तसं वाकून बघत होते, आणि भुवया करपल्याचा वास आला तेव्हा मागं झाले. ओल्या वाळूत अंगठ्यानं केलेल्या खळग्यात ओतलं, आणि निवल्यावर माझ्या हातात माझ्याच अंगठ्याचा ठसा, चांदीसारखा, जड. मी अंगणभर नाचले. कुठल्याही मोर्चात इतकं ओरडले नव्हते.

तो उन्हाळा मी असा घालवला. सुट्टी होती, आणि अंगणात काहीतरी रोज वितळत होतं. नळाच्या तोट्या, स्टोव्हचे बर्नर, विहिरीच्या मोटारीचं बुश. पितळ अ‍ॅल्युमिनियमपेक्षा तापट निघालं. जास्त तापवलं की त्यातलं जस्त जळतं, पांढरा धूर सुटतो आणि तो छातीत गेला की ताप भरतो. म्हणून तोंडाला फडकं, पायात वडिलांचे कातड्याचे बूट, आणि वाऱ्याकडं पाठ. हे मी माझ्या अंगणात शिकायला येणाऱ्या पोरींना आजही पहिल्या दिवशी सांगते. दुसरी गोष्ट सांगते ती अशी, की ओलाव्याशी मस्ती नाही. साच्यात थेंबभर पाणी राहिलं तर तप्त पितळ परत तुमच्या तोंडावर येतं.

पितळेची पहिली वस्तू केली ती हिरामावशीच्या मेंढ्यासाठी घंटी. मावशीनं ती हलवून बघितली.

"मंगल, ही घंटी हाय का भाकरी? नुसती थपथप करायलीय."

मी कडा पातळ करून दुसरी ओतली. ती वाजली. स्वच्छ, लांबपर्यंत. मावशी गल्लीतून वाजवत गेली आणि परत आली. "आता वाजली बाय! आता लांडग्यालाबी कळंल, कुठं जेवायला यायचं ते."

आई हे सगळं बघत होती. बघत नाही असं दाखवत बघत होती. पण महालक्ष्मीच्या कामाला हात लावत नव्हती. जिंतूरकडच्या मध काढणाऱ्यांकडून मी मोहोळाचं मेण आणलं, त्यात राळ घालून वितळवलं, कडक केलं. मातीचा कच्चा चेहरा करून त्यावर मेणाचा पातळ पत्रा थापायचा आणि मग अलगद उचलून घ्यायचा होता. म्हणाले, "आई, एवढं धर जरा." तिनं दोन्ही हात पदरात घेतले. "माझा हात नको."

मग मी बोलले. पत्रकात बोलावं तसं. "रोज सकाळी गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवतेस, भस्म लावतेस, बेल वाहतेस. साक्षात शिवाला हा हात चालतो. अन् महालक्ष्मीला चालत न्हाई?"

आईनं शांतपणे उत्तर दिलं, आणि त्या उत्तरावर माझी सगळी पत्रकं फिकी पडली. "शिव माझा हाय, मंगल. महालक्ष्मी घराण्याची हाय."

आजही मला त्याच्यावर चिडायचं की थक्क व्हायचं हे ठरवता येत नाही. देवाची अशी वाटणी झालेली असते, आणि बाईच्या वाट्याला तळहातापुरता येतो.

तर मेणाचे चेहरे मी एकटीनं केले. दुकानातले मुखवटे सगळे सारखे, टोकदार नाकाचे, बारीक जिवणीचे. मला आमच्या गल्लीतली बाई हवी होती. रुंद कपाळ, पसरट नाक, हसली तर गाल डोळ्यांवर चढतील अशी. आई उंबऱ्यावर तांदूळ निवडत बसायची.

"थोरलीचं नाक लय वर गेलंय. पाटलाच्या सुनंसारखं."

"तू तर बघणार नव्हतीस?"

"मी तांदूळ निवडायलेय."

मी नाक खाली घेतलं. थोड्या वेळानं परत, "कान असे असतात का कुठं? डूल घालायचे म्हणल्यावर पाळी नको?" मी पाळी लांब केली. असे ते चेहरे झाले. हात माझे, डोळे तिचे.

आणि आता ती चूक, जी काळ्या मातीतल्या माणसानंच करावी. साच्याला माती कुठली? मी क्षणभरही विचार केला नाही. आपल्या रानातली काळी. आपल्या मातीतून आपली देवी, असं वाक्यच डोक्यात तयार होतं, आणि पत्रकवाल्या माणसाला वाक्य सापडलं की तो पुढचं बघत नाही. मी रानातून टोपलं भरून आणलं, चाळलं, मळलं, मेणाच्या दोन्ही चेहऱ्यांना आतून-बाहेरून लिंपलं. वाळताना भेगा पडल्या. बुजवल्या. परत पडल्या. परत बुजवल्या. गोवऱ्यांत भाजलं, मेण वाहून गेलं, जब्बारभाई मदतीला आले, मूस उचलली, ओतली. आणि थोरलीच्या गालाखालून पितळ बाहेर आलं. सोन्याचा साप निघाला जणू. अंगणातून थेट जब्बारभाईंच्या पायांकडे. पन्नाशीचा माणूस एका उडीत धुण्याच्या दगडावर! "या अल्ला! मैं बोला था दारू की बना!" धाकटीचा साचा तर ओतायच्या आधीच दुभंगला.

मेणाचे चेहरे गेले होते. एकदाच असतात ते. मी कडुलिंबाखाली बसले. माझ्यापुढं उकललेला साचा, आणि त्याच्या भेगा उन्हाळ्यातल्या आमच्या रानासारख्याच, हुबेहूब. आई येऊन उभी राहिली.

"काळी घेतलीस व्हय?" तिनं विचारलं, आणि तिला हसू फुटलं. वडील गेल्यापासून मी ते हसू ऐकलं नव्हतं. "अगं, काळी वाळली की तिच्यात वासराचा पाय अडकतोय. पिकायला काळी. टिकायला पांढरी!"

आमच्याकडे शेताची माती ती काळी, गावाची ती पांढरी. पांढरीच्या भिंती, पांढरीचं धाबं. पावसाळ्याच्या आधी दर वर्षी धाब्यावर पांढरीचा थर टाकायचा आणि चोपायचा, हे मी जन्मापासून करत आले होते, आणि ते धाबं माझ्या डोक्यावर बिनभेगेचं उभं होतं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत हसत सुटलो. जब्बारभाई दगडावरून उतरायला तयार नव्हते, त्यांना वाटलं मायलेकींना वेड लागलं.

मग पुन्हा मेण, पुन्हा चेहरे. या वेळी नाक पहिल्याच फटक्यात खाली. गावातल्या एका पडक्या भिंतीची पांढरी, त्यात गव्हाचा भुसा, हिरामावशीच्या मेंढरांच्या लेंड्या कुटून. पहिला लेप दुधासारखा पातळ, त्यावर जाड, त्यावर आणखी जाड. पण श्रावण लागला होता आणि अंगणात काही वाळेना. साचे आत आणले, चुलीच्या दोन बाजूंना ठेवले. आईचं स्वयंपाकघर त्यांच्या भोवतीनं चालू झालं. भाकरी थापता थापता तिचा एक डोळा साच्यांवर. एक बाजू तापली की ती साचा फिरवायची, पण हातानं नाही, उलथन्यानं. मला हसू यायचं आणि रागही यायचा. उलथन्याला विटाळ नव्हता.

ओतायचा दिवस भाद्रपद लागायच्या तोंडावर आला. पाऊस उघडला होता. दुपारपासून एका बाजूला गोवऱ्यांत साचे तापत होते, दुसऱ्या बाजूला भट्टीचा हुंकार चालू होता. जब्बारभाई बूट घालून आले होते. मुशीत पितळ बसलं, वितळू लागलं, मळ वर यावा म्हणून मी टाकणखार टाकला. आणखी थोडाच वेळ. आणि लाईट गेली.

ब्लोअरचा आवाज घरंगळत खाली आला आणि थांबला. कोळसे लालाचे केशरी होण्याऐवजी काळपट होऊ लागले. मुशीतलं पितळ कडेनं साय धरू लागलं. साचे आत्ता तापलेले होते. ते निवले की पुन्हा तापवताना टिकतील याची खात्री नव्हती. सणाला दिवस उरले नव्हते. मी गोठ्याकडे धावले, हातपंखा ओढत आणला, नळीला लावला. पण मला मूस बघायची होती, जब्बारभाईंना साचे धरायचे होते.

"कौन घुमाएगा?" ते ओरडले.

आई पिठाच्या हातांनीच आली. खाली बसली, पदर खोचला, आणि चाक धरलं. आधी सावकाश, जात्यावर दळताना घेतात तशी लय. मग वेग वाढला. पंख्याची कुरकुर थांबली आणि एकच लांब सूर लागला. कोळसे लाल, केशरी, पिवळे. तिच्या हातात बांगड्या नव्हत्या, म्हणून आवाज फक्त चाकाचा होता. तिच्या कपाळावर घाम, पीठ, कोळशाची भुकटी. मी तिच्याकडे बघत राहिले तर खेकसली, "माझ्याकडं काय बघायलीस? पितळाकडं बघ!"

पितळ तयार होतं. चिमटा लावला, मूस उचलली, आणि ओतलं. थोरली. साचा गुटगुट करत प्यायला आणि तोंडाशी पितळ येऊन थांबलं. मग धाकटी. तीही भरली. कुठून काही गळलं नाही. आई अजून चाक फिरवत होती.

"आई, झालं. सोड आता."

तिनं चाक सोडलं आणि आपले हात बघितले. दोन्ही बाजूंनी.

साचे निवेपर्यंत थांबणं ही शिक्षा आहे, आजही आहे. मी हातोडीनं माती फोडायला घेतली तेव्हा गल्लीतल्या चार बायका कुंपणाशी होत्या. आधी एक काळा, करपट, ओबडधोबड तुकडा दिसला, मग त्यात एक डोळा. मग नाकपुडी. मग हनुवटी. भाजलेल्या मातीतून एक बाई वर येत होती आणि ती आमच्यातलीच होती. हिरामावशी ओरडली, "अगं, ही तर आपली दिसायलीय की!" धाकटीच्या कानाशी एक बारीक छिद्र राहिलं होतं, हवा अडकली असणार. बाकी दोघी पूर्ण. मी ओतायच्या वाटेत थिजलेले पितळेचे दांडे कापले, कानशीनं घासलं. चिंचेची वाटी मात्र मी मागितली नव्हती. आईच घेऊन आली, बसली, थोरलीला मांडीवर घेतलं आणि घासू लागली. अंगठा गालावरून, कपाळावरून, डोळ्यांच्या कडांतून. राख, चिंच, पाणी. काळ्यातून पिवळं, पिवळ्यातून झळझळीत. मी मान खाली घालून कानस चालवत राहिले. बोलले असते तर 'माझा हात नको' हे तिला आठवलं असतं.

गावात लपत काही नाही. महालक्ष्म्या यायच्या दिवशी काका आले. चांगला माणूस, हे मी मुद्दाम लिहिते. वडिलांच्या मागं आमचं रान त्यांनीच पेरलं होतं. अन्याय करायला माणूस वाईट असावा लागत नाही, रीत पुरते. उंबऱ्यापासून आत हळदी-कुंकवाची पावलं काढून झाली होती. काका उंबऱ्याबाहेरच थांबले.

"वैनी, हे काय चालवलंय? आमच्याकडं बसल्यात ना महालक्ष्म्या? एका घराण्यात दोन दोन जागी? अन् तुमच्या हातानं? गावात काय इज्जत ऱ्हाईल?"

माझं भाषण तयार होतं. शिव, तळहात, समानता, सगळं मुद्देसूद. मी तोंड उघडलं.

"मंगल, तू गप बस," आई म्हणाली. आणि मग काकांना, आवाज न चढवता, "भाऊजी, त्या घराण्याच्या व्हत्या. तुमी न्हेल्या, मी अडवलं का? ह्या घराण्याच्या न्हाईत. जाळ ह्या हातानं घातलाय. घासल्यात ह्या हातानं. लेकरू जिनं जन्माला घातलं, तिनंच त्याला पाळण्यात ठेवायचं न्हाई, असा कायदा कुठं हाय? असंल तर सांगा. मी ऐकते."

काका उभे राहिले. उपरण्याचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत. "तुमी आता ऐकणार न्हाई," एवढंच म्हणाले आणि गेले. पुढं वर्षभर ते आमच्याशी बोलले नाहीत, पण रान पेरायला आले.

मग आई बाहेर गेली आणि थोरलीला दोन्ही हातांत धरून उंबऱ्यावर आली. आतून कुणीतरी विचारायचं असतं, कोण आली, काय घेऊन आली. हिरामावशीनं ताटावर चमचा बडवत विचारलं, इतक्या जोरात की मेंढरं बिथरली. आईनं उत्तर दिलं: धान्य घेऊन आली, लेकीबाळी घेऊन आली. एकेक पाऊल टाकत आत आली, आणि मुखवटा कोठीवर ठेवला. मग धाकटीला आणलं. दुसऱ्या दिवशी पुरणपोळीला गल्लीतल्या काही बायका आल्या, काही आल्या नाहीत. आलेल्यांत तिघी विधवा होत्या. त्या आधी भिंतीला टेकून बसल्या, सवयीनं. आईनं एकेकीला उठवून महालक्ष्म्यांच्या पुढं आणलं. फुलोऱ्याखाली जागा कमी पडली. आईनं स्वतःला कुंकू लावलं नाही. ते तिचं ती ठरवील, आणि ते माझं वेगळं भांडण आहे.

आता तुमच्याकडे येते. हे वाचून डोळे ओले झाले असतील तर ते मला नको. तुमच्या घरी यंदा महालक्ष्म्या येतील, गौरी येतील, जे काही तुम्ही म्हणता ते. मुखवटा घेऊन उंबऱ्यावर कोण उभं राहणार, हे ठरवायच्या आधी तुमच्या स्वयंपाकघरात जा. पुरण वाटणारी, फुलोरा तळणारी, पितळ घासणारी आणि बसवायच्या वेळी आपोआप मागं सरणारी एक बाई तिथं असेल. तुमची आई, काकू, वहिनी, बहीण. घरातल्या कुणाची परवानगी घेऊ नका. तिचे हात धुवायला पाणी द्या, मुखवटा तिच्या हातात ठेवा, आणि ती पुढं चालेल तेव्हा तुम्ही मागं चाला.